घर क्रमांक एक

नंदिनी सहारे आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक बॅग, पुस्तकांची एक पिशवी आणि एक ताणकाटा होता. काट्याचा हूक पिशवीच्या शिवणीतून बाहेर आला होता आणि तो लागून तिच्या ओढणीला भोक पडलं होतं. हे कशाला गं, असं मी विचारलं. तर म्हणाली, मोह मोजायचा आहे काकू, चौथ्या वर्षाला.

आमच्या आरमोरीत बी.ए.ची तीन वर्षं झाली की मुलं मोकळी होतात. मुलगे पोलीस भरतीसाठी रस्त्याच्या कडेनं धावायला लागतात आणि मुलींना पाहायला पाहुणे येतात. आता तीन वर्षांवर आणखी एक वर्ष शिकायची सोय झाली आहे. त्याला ऑनर्स म्हणतात. त्यात एक विषय घेऊन त्यावर स्वतः संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. गडचिरोलीला विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला सहा जणांनी नावं घातली होती, दिवाळीपर्यंत तीन उरले. त्यांचे मार्गदर्शक भोयर सर म्हणायचे, एक जण भरतीत लागला, एकीचं लग्न ठरलं आणि एकाला अजून कळलंच नाही की आपण नाव घातलंय.

नंदिनीचं गाव चिंचटोला. आरमोरीहून चौदा किलोमीटर, जंगलाला लागून. तिथून रोज गडचिरोलीला जाणं येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहिली. तिचे वडील देवाजी आरमोरीतल्याच एका राइस मिलमध्ये हमाली करतात, पहाटे सायकलनं येतात आणि दिवस मावळता परत जातात. भाऊ बहीण कोणी नाही. आई आशाबाई. दीड एकर धान, दोन शेळ्या, आणि मार्चमध्ये मोहफुलं वेचणं.

आशाबाईला मी दोन-तीनदाच पाहिलं. पहिल्यांदा ती खोली पाहायला आली होती. तिनं दाराची कडी आतून लावून पाहिली, बाहेरून लावून पाहिली, मग माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा घेतला. मी नंदिनीला तिचा विषय विचारला. मीही कधीकाळी बी.ए.ला अर्थशास्त्रच घेतलं होतं. ती सांगत होती की मोह वेचताना बायकांचा किती वेळ जातो ते मोजायचं आहे, कारण त्या वेळात त्या दुसरं जे काम करू शकल्या असत्या ते राहून जातं, आणि त्यालाच संधी खर्च म्हणतात. आशाबाई बशीतला चहा फुंकत ऐकत होती.

"म्हंजे मी मोह वेचाले गेली त जे काम राह्यलं ते?" तिनं विचारलं. "राहात नाई ना पण ते. ते बी मीच करतो, आल्यावर."

मी हसले. नंदिनी हसली नाही, तिनं वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. पुढे भोयर सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते प्रबंधाच्या प्रस्तावनेत घालायला लावलं. चोवीस घरांची यादी झाली, प्रत्येक घराला क्रमांक मिळाला. नमुन्याची प्रश्नावली तिनं आधी स्वतःच्या आईवर भरून पाहिली, म्हणून तिचं घर झालं घर क्रमांक एक.

जानेवारीत धान चुरून झालं होतं. आशाबाई खळ्यात धान उडवत होती. डोकं दुखते म्हणून राशीच्या कडेला बसली आणि बसल्या जागी कलंडली. गडचिरोलीला नेलं. डोक्यातली नस फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आणि आमचे हे, दोघं गेलो होतो. देवाजीभाऊ मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. नंदिनी पांढरी साडी नेसून आल्यागेल्याला पाणी देत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, काकू, खोलीची किल्ली चौकटीवर ठेवली आहे, पाण्याची टाकी धुवायची असेल तर उघडून घ्या.

पुढच्या सोमवारी ती परत आली. त्या दिवशी एक स्वाध्याय द्यायचा होता, तो तिनं दिला. मला वाटलं, चार दिवसांत केव्हातरी रडेल. मी मागच्या दाराशी काही ना काही काम काढून बसायची, तांदूळ निवडायची, लसूण सोलायची. ती यायची, पाय धुवायची, आत जायची. जेवायला बोलावलं तर जेवायची. भाजीत मीठ राहिलं होतं एकदा, आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं, ती खाऊन उठली. विचारलं तर म्हणाली, मला नाही कळलं.

आधी दर गुरुवारी आशाबाई चिंचटोल्याच्या बसच्या कंडक्टरजवळ पिशवी द्यायची. कधी जवसाची चटणी, कधी लाखोळीची भाजी. नंदिनी साडेदहाला स्टँडवर जाऊन ती घ्यायची आणि मग गडचिरोलीची बस धरायची. आई गेल्यावरही गुरुवारी ती साडेदहालाच स्टँडवर जायची, इतर दिवशी दहाला. कंडक्टर ओळखीचा, तो तिला पाहून तिकिटाच्या मशीनकडे बघत राहायचा, असं मला आमच्या ह्यांनी सांगितलं. मी तिला काही विचारलं नाही.

मार्च लागला. मोह गळायला लागला तशी ती काटा घेऊन गावी गेली.

मोह वेचण्याची रीत अशी की जंगलातली झाडं घरागणिक वाटलेली असतात. कागदावर नाही, माहीत असतं. हंगामाच्या आधी जी बाई ज्या झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ करते, ते झाड तिच्या घरचं. पहाटे फुलं पडलेली असतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. मग अंगणात वाळत घालायची. ओलं फूल वाळून साधारण चौथाई भरतं.

नंदिनी रोज पहाटे पाचला जंगलाच्या तोंडाशी एका बेहड्याच्या झाडाला काटा टांगून बसायची. बाई कितीला आत गेली, कितीला बाहेर आली, टोपलीत ओलं किती, सगळं लिहायची. मग अंगणात त्या त्या दिवसाचं फूल वेगळं वाळावं म्हणून राखेच्या रेघा ओढून त्यावर तारखा टाकून घ्यायची. बायका म्हणायच्या, आमचं आंगण कॅलेंडर करून टाकलं वो हिनं. चार दिवसांनी ते वाळलं की पुन्हा मोजायची. चोवीस दिवस तिनं हे केलं, एक दिवसही चुकवला नाही. गावातल्या बायका मनात काय म्हणत असतील ते असो, पण रोज तिच्यासाठी थांबत होत्या.

घर क्रमांक एकच्या तक्त्यात तिनं चोवीस दिवस निरंक लिहिलं. सदस्य दोन, वेचणारी व्यक्ती नाही, संकलन निरंक. यादीतून ते घर काढलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, नमुना एकदा ठरला की बदलता येत नाही.

एप्रिलच्या शेवटी ती खोलीवर परत आली. विभागानं दिलेल्या लॅपटॉपवर आकडे भरायचे होते. मी वह्या वाचून दाखवायची आणि ती टाइप करायची. दुपारची कामं आटोपली की माझं हे एक काम झालं होतं. घर क्रमांक सात, सोळा मार्च, ओलं चौदा, वाळलेलं साडेतीन. घर क्रमांक सात, सतरा मार्च. उन्हाळ्याचा कूलर घरघर करायचा आणि आम्ही दोघी असे आकडे म्हणत बसायचो. तिला ते बरं वाटत होतं असं म्हणवत नाही. तिला काही वाईट वाटत नव्हतं, इतकंच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भोयर सरांनी तक्ते पाहिले आणि खुणा करून परत दिले. आठ घरांचे आकडे बसत नव्हते. काही दिवशी त्या बायकांना अर्धा पाऊण तास जास्त लागला होता, टोपलीत फूलही जास्त होतं, पण वाळल्यावर मात्र नेहमीइतकंच भरलं होतं. वीस किलो ओलं असेल तर पाच भरायला हवं, भरलं होतं साडेतीन. पाऊस नव्हता, ढगही नव्हते. उरलेल्या पंधरा घरांत एकदाही असं झालं नव्हतं.

सरांचं म्हणणं सरळ होतं. एक तर मोजण्यात चूक आहे, नाहीतर बायकांनी काहीतरी लपवलं आहे. बाहेरून येणारे परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतील. सोमवारी प्रबंधावर सही करायचा शेवटचा दिवस. त्याआधी याचं कारण मिळालं नाही तर ते सही करू शकणार नाहीत, आणि सही नसेल तर चौथं वर्ष गेलं, हातात तीन वर्षांची साधी पदवी राहील. माणूस वाईट नव्हता. त्यांनीच वाटही सांगितली होती की आठ घरं काढून टाक, उरलेल्या घरांवर प्रबंध उभा राहतो, मी सांभाळून घेतो.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"काढते," नंदिनी म्हणाली.

तिनं लॅपटॉप उघडला. घर क्रमांक चार, सात, आठ. कोणत्या बायका त्या, मी विचारलं. तिनं नावं सांगितली. सोनीबाई, कांताबाई, अशी आठ. आशाबाईच्या पुण्यानुमोदनाला चुलीपाशी ज्या होत्या, मलाही ज्यांनी घोटभर चहा दिला होता, त्याच. तिच्या आईच्या सोबतिणी. एकाच वाटेनं जंगलात जाणाऱ्या.

मी म्हटलं, पुसायच्या आधी मला एकदा तारखा लावून दाखव. मला आकडेमोड फारशी येत नाही, पण खुणा केलेल्या तारखा ओळीनं लिहिल्या तर सोळाला सोनीबाई होती, सतराला कांताबाई, अठराला तिसरी. कधीही एका दिवशी दोघी नव्हत्या. आठ दिवस झाले की पुन्हा सोनीबाई. तीन फेरे, चोवीस दिवस. आमच्या गल्लीत नळाला अशीच पाळी असते, चार घरं, चार दिवस, आणि कोणी विसरत नाही.

"नंदिनी, ही तर पाळी दिसते," मी म्हटलं.

तिनं कागद जवळ ओढला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, हो. कशाची पाळी ते तिनं विचारलं नाही. मला मात्र राहवेना. उद्या रविवार आहे, सकाळच्या बसनं जाऊन विचारून येऊ, मी येते तुझ्यासोबत, असं मी म्हटलं तेव्हा ती ठीक आहे म्हणाली. मी म्हटलं नसतं तर तिनं आठ घरं काढून टाकली असती आणि त्यालाही ठीक आहेच म्हणाली असती.

सोनीबाईचं घर नंदिनीच्या घराला लागूनच आहे. मध्ये एक कुडाची भिंत. सोनीबाई साठीच्या पुढची, गोंड घरची, हातभर गोंदलेली. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीत टोपलीला शेण चोपडत होती आणि कांताबाई तिच्यापाशी बसून तोंड चालवत होती. आम्हाला पाहून कांताबाईनं खाट ओढली. आली वो आमची काटेवाली, ती म्हणाली.

चहा झाला. नंदिनीनं फाइल उघडली आणि बसमधल्या कंडक्टरनं तिकीट विचारावं तशा आवाजात विचारलं. "काकी, सोळा मार्चले तुमचं ओलं वीस किलो होतं. वाळून साडेतीन भरलं. दीड किलो कुठी गेलं?"

"चोरी पकडाले आली का माय?" कांताबाई म्हणाली.

"तुमचं बी हाये. सतराले."

कांताबाईचं हसू तिथंच राहिलं. तिनं सोनीबाईकडे पाहिलं. सोनीबाई हाताचं शेण टोपलीच्या काठाला निपटत होती. नंदिनीनं सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, की कारण कळलं नाही तर तुमची आठ घरं काढून टाकावी लागतील. सोनीबाई म्हणाली, मंग काढ, आमाले काय फरक पडते. एक कोंबडी खाटेखालून गेली.

"तुह्या मायच्या झाडाचं होतं ते," सोनीबाई म्हणाली.

मग हळूहळू सगळं कळलं, काही सोनीबाईनं सांगितलं, काही कांताबाईनं मध्ये तोंड घालून. आशाबाईची दोन झाडं नाल्याच्या काठावर. एखाद्या घरची बाई गेली आणि त्या हंगामात झाडाखाली कोणी झाडलं नाही, तर ते झाड मोकळं होतं. पुढच्या वर्षी जो पहिला झाडेल त्याचं. म्हणून घर दुःखात असलं की सोबतिणी एक हंगाम ते झाड धरून ठेवतात. पाळीपाळीनं झाडायचं, वेचायचं, वाळवायचं, आणि घरचं माणूस सावध झालं की त्याच्या हवाली करायचं. आशाबाईनंही असं केलं होतं, सोनीबाईची सून गेली त्या वर्षी. जिची पाळी ती आपली झाडं करून मग नाल्याकडे जायची, म्हणून तिला वेळ जास्त लागायचा. दोन्ही फुलं एकाच टोपलीत यायची. बेहड्याखाली नंदिनी सगळं मिळून मोजायची. पुढे गावात शिरताना सोनीबाईच्या परसात आशाबाईच्या वाट्याचं ओतलं जायचं, आणि अंगणात राखेच्या रेघांत फक्त आपलं. देवाजीभाऊंना माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं की पोरीला आता बोलू नका, तिची परीक्षा आहे.

नंदिनी ऐकत होती. पेन हातात तसंच होतं.

"मले काऊन नाई सांगतलं? मी रोज विचारत होती तुमाले."

"तू आमच्या झाडाचं विचारत होती," सोनीबाई म्हणाली. "तुह्या कागदावर तेच होतं. त्या झाडाचं तू नाव काढलं नाई, मंग आमी कशाले काढावं?"

मला तिच्या तोंडाकडे पाहवेना, पण पाहिलं. तिथं काही झालं नाही. ती तशीच बसली होती, आमच्या मागच्या दारी पाय धुताना असायची तशी. बेहड्यापासून नाला दहा मिनिटांवर आहे. चोवीस दिवस ती तिथं बसली होती आणि एकदाही त्या वाटेला गेली नव्हती. गेली असती तर पहिल्याच दिवशी झाडलेली जागा दिसली असती.

"हाये कुठी ते?" तिनं विचारलं.

सोनीबाईनं माळ्यावरून दोन पोती काढून दिली. खताच्या धुतलेल्या पोत्यांत गच्च वाळलेला मोह, वरून कडुलिंबाचा पाला. ओसरीभर वास सुटला. नंदिनीनं पिशवीतून काटा काढून वाश्याला टांगला. कांताबाईनं पोतं उचलून द्यायला हात लावला. एक एकोणीस भरलं, दुसरं सोळा किलो नऊशे. तिनं फाइलमधल्या खुणा केलेल्या सगळ्या तुटी आधीच बेरीज करून ठेवल्या होत्या. छत्तीस किलो चारशे.

"पाचशे ग्रॅम कमी येते," ती म्हणाली.

"ते चाखून पाह्यलं आमी," कांताबाई म्हणाली. "आशाबाईच्या झाडाचा गोड रायते का पाहाले."

नंदिनीनं तेही लिहून घेतलं. कांताबाई माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती, हे बी लिवते का वो बाई ही, असं.

मग सोनीबाई उठली आणि आम्ही नाल्याकडे गेलो. मोहाला आता नवी पालवी पुरती फुटली होती. दोन झाडं, शेजारी शेजारी, एकाच्या बुंध्याला जुना घाव. बाकी सगळ्या जंगलात पालापाचोळा घोट्याएवढा, आणि या दोन झाडांखाली अंगण असावं तशी मोकळी जमीन. हंगाम संपून महिना झाला होता तरी झाडलेली. एका बेचक्यात काटक्यांची झाडणी खोचून ठेवली होती, तिची मूठ निळ्या लुगड्याच्या पट्टीनं गुंडाळलेली. ते लुगडं मी पाहिलं होतं. आशाबाई खोली पाहायला आली तेव्हा तेच नेसून आली होती.

नंदिनीनं झाडणी काढली, मुठीची पट्टी जरा सैल झाली होती ती ताणून बांधली आणि झाडणी परत खोचली.

"येत्या साली कोण झाडन?" तिनं विचारलं.

"ते तुमी पाहा," सोनीबाई म्हणाली. "आमी एक साल धरतो. दुसऱ्या साली ज्याचं त्यानं."

सोनीबाईनं हेही बजावलं की कागदावर आमची नावं नकोत. नाव लिहिलं की तो उपकार होतो, मग फेडणं आलं. घराचा नंबर टाक, बस. नंदिनी म्हणाली, नंबरच टाकणार आहे काकी, नियमच आहे.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. गुडघ्यांवर फाइल होती, पायांपाशी ताणकाटा. पोती सोनीबाईकडेच राहिली होती, देवाजीभाऊ संध्याकाळी नेणार होते. उतरायच्या जरा आधी म्हणाली, काकू, घर क्रमांक एकचा तक्ता पूर्ण बदलावा लागेल, तुम्ही वाचून दाखवाल का?

त्या दुपारी आम्ही बसलो. संकलन निरंक, हे चोवीस वेळा खोडलं. वेचणारी व्यक्ती या रकान्यात आठ घरांचे क्रमांक आले. लागलेला वेळ या रकान्यात त्यांचे ते अर्धे पाऊण तास. त्यांचं ते वेळेचं ओझं कोणाच्या खात्यात धरायचं, यावर ती थोडी थांबली. मी म्हटलं, तुझ्या आईनं सांगितलंय ना, ते बी मीच करतो, आल्यावर. ती म्हणाली, हो, ते प्रस्तावनेत आहे. आणि ते तास आठ घरांकडेच ठेवले.

सोमवारी सरांनी सही केली. पाळीचा तक्ता त्यांनी दोनदा पाहिला, चष्मा काढून पुसला, आणि एवढंच विचारलं की याला तुमच्याकडे काही नाव आहे का. नाव नाही सर, करतात, असं ती म्हणाली. मग त्यांनी तिला सांगितलं की शेवटी मर्यादा म्हणून एक छोटं प्रकरण असतं, आपल्या अभ्यासात काय राहिलं ते तिथं प्रामाणिकपणे लिहायचं, ते तू दोन ओळींत उरकलं आहेस, जरा वाढव.

ते वाढवलेलं पान तिनं मला शुद्धलेखन पाहायला दिलं. पाऊस न पडलेल्या एकाच हंगामाचा अभ्यास आहे, वगैरे आधीचं होतं. मग नवीन ओळी होत्या. मी त्या इथं तशाच देते, कारण त्यात मला एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

"संशोधक हंगामाच्या काळात घर क्रमांक एकच्या झाडांकडे गेली नाही. झाडे जवळ होती. न जाण्याचे कारण संशोधनाशी संबंधित नव्हते. त्यामुळे आठ घरांच्या आकड्यांचे कारण संशोधकाला उशिरा समजले."

मी कागद तिला परत दिला. ती म्हणाली, ठीक आहे का? मी म्हटलं, ठीक आहे. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं मागच्या दारी नळ सुरू झाल्याचा आवाज आला. नळ बराच वेळ सुरू होता. मी लसूण सोलत बसले. बाहेर आली तेव्हा तिनं टाकी धुतली होती.

तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले होते. भोयर सरांनी मागाहून सांगितलं ते असं. परीक्षकांनी बोट बरोबर त्या तक्त्यावरच ठेवलं आणि विचारलं, या घरात माणसं दोन, एकही वेचत नाही, आणि आठ बाहेरच्या बायका वेचतात. हे कोणतं घर आहे?

"माझं, सर," ती म्हणाली.

त्यांनी तक्त्याचं पान उलटलं. मग संधी खर्चाबद्दल विचारलं, तिनं उत्तर दिलं.

निकाल जूनमध्ये लागला. प्रथम श्रेणी. देवाजीभाऊ मिलमधून दुपारीच आले, अंगाला कोंडा लागलेला, पेढ्यांचा पुडा घेऊन. ओट्यावरच बसले. जाताना त्यांनी एक पिशवी ठेवली. त्यात भाजलेला मोह आणि तीळ कुटून केलेले लाडू होते, सोनीबाईनं पाठवलेले. नंदिनीनं एक घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. गोड आहे का, मी विचारलं. तिनं जरा विचार केला. हो, म्हणाली, थोडा जास्तच आहे.

ऑनर्स झालं की एम.ए. एका वर्षात होतं, म्हणून तिनं तिथंच नाव घातलं. प्रवेशाच्या दिवशी मी तिच्यासोबत होते, गडचिरोलीत मला औषधं घ्यायची होती. अर्ज देताना तिनं भोयर सरांना एकच गोष्ट विचारली, की मार्च महिन्यात हजेरी कडक असते का. सर म्हणाले, असते.

"मग मी चोवीस दिवस येणार नाही," ती म्हणाली.

आत्ता जून आहे, सर म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. ती तिथंच उभी राहिली. शेवटी त्यांनी कारकुनाकडून रजेचा कोरा अर्ज मागवला आणि म्हणाले, बरं, लिहून ठेव, कारण लिही. तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहिलं. मी मागून पाहिलं. तारखा तिनं दिल्या नव्हत्या, फुलं गळायला लागल्यापासून, असं लिहिलं होतं. आणि कारणाच्या जागी, घरचं काम.